बटण दाबलं, पण काहीच झालं नाही

(दृश्य : साताऱ्यातलं एक घर, दुपार. खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप. शेजारी चष्म्याचं घर आणि अर्धा कप चहा.)

२०२४ चा मार्च. आत्याने विम्याचा हप्ता पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लॅपटॉपवरून भरला. ती निवृत्त शिक्षिका आहे. एखादी गोष्ट शिकायची म्हटली की वहीत लिहून घेते. त्या वहीत तिने लिहून ठेवलं होतं : ‘पैसे भरल्यावर पावती दिसेल. तेव्हा वरच्या ओळीतलं प्रिंट स्क्रीनचं बटण दाबणे.’

पावती दिसली. तिने बटण दाबलं. मग आणखी एकदा दाबलं, मग जोर देऊन तिसऱ्यांदा. नंतर पान बंद केलं आणि मला फोन लावला.

“अरे, मी बटण दाबलं, पण काहीच झालं नाही.”

बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला होता. पावतीची ई-मेल मात्र आली नव्हती, आणि व्यवहाराचा क्रमांक त्या बंद झालेल्या पानावर राहिला होता. “मोबाइलनेच फोटो काढायला हवा होता बघ,” ती म्हणाली.

(दृश्य : मोबाइलने काढलेला लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो. अक्षरांवर रंगीत लाटा.)

असे फोटो आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. थोडे तिरके, वर ट्यूबलाइटची चमक, आणि अक्षरांवरून पसरलेल्या इंद्रधनुषी लाटा. पडदा उभ्या-आडव्या बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तशीच जाळी असते. दोन जाळ्या एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत की त्या लाटा उमटतात. साडीवर जाळीची ओढणी धरून हलवून बघा, तसंच दिसेल. स्क्रीनशॉटमध्ये, म्हणजे लॅपटॉपनेच टिपलेल्या पडद्याच्या चित्रात, हे होत नाही, कारण तिथे कॅमेराच नसतो. पडद्यावर कोणता ठिपका कोणत्या रंगाचा आहे हे लॅपटॉपला आधीच ठाऊक असतं. तो त्याची नक्कल करतो, इतकंच.

मग आत्याला काहीच झालेलं का दिसलं नाही?

(दृश्य : जुन्या कीबोर्डवरचं बटण. मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा आवाज.)

हे बटण जन्माला आलं तेव्हा ते दाबलं की खोलीतल्या प्रत्येकाला कळायचं. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनला वेगळं बटणही नव्हतं. चांदणीच्या (*), म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गुणाकाराच्या चिन्हाच्या बटणावरच ‘पी-आर-टी-एस-सी’ अशी अक्षरं छापलेली असायची. शिफ्टबरोबर ते दाबलं की कॉम्प्युटर पडद्यावरची अक्षरं ओळीने वाचायचा, एका ओळीत ८० अशा २५ ओळी, आणि थेट प्रिंटरकडे पाठवायचा. कर्र-कर्र करत कागद बाहेर यायचा. पडदा छापा, म्हणजे प्रिंट स्क्रीन. नाव अगदी शब्दशः खरं होतं.

तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, अ‍ॅपलचा मॅकिन्टॉश आला. त्यात कमांड, शिफ्ट आणि ३ हे एकत्र दाबलं की पडद्याचं चित्र डिस्कवर साठवलं जायचं आणि कमांड, शिफ्ट, ४ ने प्रिंटरवर छापलं जायचं. आजच्या मॅकबुकवरही कमांड-शिफ्ट-३ ने पूर्ण पडदा टिपला जातो. चाळीस वर्षांत मशीनमधलं बाकी जवळपास सगळं बदललं, ही तीन बटणं तेवढी टिकली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

विंडोजमध्ये मात्र त्या बटणाने प्रिंटरची संगत सोडली. नाव तेच राहिलं, काम बदललं. बटण दाबलं की पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर जातं.

(दृश्य : ओंजळीत पाणी. वरून पाण्याची दुसरी धार पडते.)

क्लिपबोर्ड म्हणजे लॅपटॉपची ओंजळ. त्यात एका वेळी एकच गोष्ट राहते. तुम्ही स्क्रीनशॉट घेतला, मग कुठून तरी एखादा फोन नंबर कॉपी केला, की चित्र सांडलं आणि नंबर आला. आवाज नाही, कागद नाही, फाइल नाही. पेंट किंवा वर्ड उघडून कंट्रोल आणि व्ही दाबलं, म्हणजेच पेस्ट केलं, तरच ते चित्र डोळ्यांना दिसणार. आत्याच्या वहीत ही दुसरी ओळ नव्हती. शिकवणाऱ्याने ती सांगितलीच नव्हती. आणि शिकवणारा मी होतो.

ओंजळ थोडी मोठी करता येते. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी एकदा चालू केली, की शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात. अट एकच, ती आधी चालू केलेली हवी. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की पिन केलेल्या सोडून बाकी सगळ्या जातात.

(दृश्य : आत्याची बोटं कीबोर्डवर. जवळून.)

खरं तर तिला एकच जोडी सांगायला हवी होती : विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि मग प्रिंट स्क्रीन. पडदा पापणी लवल्यासारखा क्षणभर मंद होतो. ती खूण. चित्र तयार फाइल होऊन ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून ही सोय आहे, आणि तरीही ती ठाऊक नसलेली माणसं मला रोज भेटतात. बटणांच्या दाटीत काही लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन दुसऱ्या एखाद्या बटणाच्या पोटात असतं. तिथे खालच्या ओळीतलं ‘एफ-एन’ही सोबत दाबावं लागतं. अक्षरांचा रंग बघा : ‘एफ-एन’ ज्या रंगात छापलंय त्याच रंगात प्रिंट स्क्रीन असेल, तर दोघांची जोडी आहे.

अख्खा पडदा नको, पावतीपुरता तुकडा हवा, तर विंडोज, शिफ्ट आणि एस. पडदा धूसर होतो, माउसने चौकोन ओढायचा. एकच खिडकी हवी असेल तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी हाच चौकोन ओढायचा पडदा उघडतो. मॅकवर तुकड्यासाठी कमांड-शिफ्ट-४. त्यावर स्पेसबार दाबला की कर्सरचा कॅमेरा होतो आणि ज्या खिडकीवर क्लिक कराल तेवढीच टिपली जाते.

(दृश्य : फाइल उघडते. अक्षरं मोठी होत जातात.)

ही फाइल बहुतेक वेळा पीएनजी प्रकारची असते. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. पीएनजी त्यांतला एकही ठिपका न गमावता फाइल लहान करतं. म्हणून मराठीतला अनुस्वार आणि रफार स्पष्ट राहतात. तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते आवळून लहान केलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. पावती पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

(दृश्य : पुन्हा साताऱ्याचं घर. संध्याकाळ. निवेदक आणि आत्या शेजारी बसलेले.)

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेलो. पावती आता मिळणार नाही असं मनाशी धरूनच गेलो होतो. पिक्चर्समधलं स्क्रीनशॉट्स फोल्डर उघडलं. रिकामं.

स्क्रीनशॉट घेणं सोपं. शोधणं अवघड. कारण एकाच चित्राला राहायला बरीच घरं आहेत. नुसतं बटण दाबलं तर ओंजळीत. विंडोजसह दाबलं तर पिक्चर्समध्ये. खेळांसाठीच्या गेम बारमधून घेतलं तर ‘व्हिडिओज’मधल्या ‘कॅप्चर्स’मध्ये, जिथे चित्र शोधायला कुणी जाणार नाही. मॅकवर सरळ डेस्कटॉपवर. क्रोमबुकवर डाउनलोड्समध्ये.

अशा वेळी फोल्डरचा अंदाज बांधत बसू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’वर उभं राहायचं, शोधाच्या चौकटीत चांदणीचं चिन्ह, टिंब आणि पीएनजी असं इंग्रजीत (*.png) टाइप करायचं आणि निकाल तारखेनुसार लावायचे. सगळ्यात नवं सगळ्यात वर. वेळ लागतो, पण चित्र लॅपटॉपमध्ये असेल तर सापडतं.

मी तसं केलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली. आणि वरच्या तीन ओळींत तीन फाइली आल्या, हप्ता भरल्याच्याच तारखेच्या. आत्याने तीनदा दाबलेलं बटण.

(दृश्य : पडद्यावर पावती. व्यवहाराचा क्रमांक झाकलेला.)

झालं होतं असं. लॅपटॉप नवा होता तेव्हा मीच तो लावून दिला होता. विंडोज १० बरोबर आलेल्या वनड्राइव्हने, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवायच्या सोयीने, विचारलं होतं, स्क्रीनशॉट आपोआप साठवू का? मी घाईत ‘हो’ म्हटलं आणि विसरलो. तेव्हापासून नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी चित्र वनड्राइव्हमधल्या पिक्चर्सच्या आत, वेगळ्याच स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जात होतं. साठवल्याची सूचना कोपऱ्यात यायला हवी होती. पण सतत वाजतं म्हणून सूचनाही मीच बंद करून दिल्या होत्या.

पावतीवरून कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवून मी आत्याला म्हटलं, हे कापू नकोस. पैशाचा मामला असेल तर पूर्ण पडदा ठेवायचा : वर वेबसाइटचा पत्ता, खाली तारीख-वेळ. आणि मूळ फाइल पुसायची नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल या दोन उमेदवारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणात होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर न करता त्यातल्या नोंदीची प्रत द्यायची, तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटांचा ठसाच म्हणा, नोंदवावं लागतं. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर फोन आधी करायचा, पण मूळ स्क्रीनशॉट जपूनच ठेवायचे.

कापण्याबद्दल आणखी एक. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की काही फोनमधल्या आणि विंडोजमधल्या स्क्रीनशॉट कापायच्या साधनांत दोष होता. कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर साठवलं, तर जुन्या फाइलची शेपटी तशीच मागे राहायची आणि कापून टाकलेला भाग काही अंशी परत मिळवता यायचा. दोष दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे आहेत. आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक झाकायचा तर अर्धपारदर्शक हायलायटर फिरवू नका, पूर्ण काळा चौकोन लावा आणि नवी फाइल साठवा.

(दृश्य : फोल्डरमधली छोटी-छोटी चित्रं. कॅमेरा हळूहळू खाली सरकतो.)

पावती मिळाली होती. मी फोल्डर बंद करणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, “थांब. हे सगळं काय आहे?”

एकसष्ट चित्रं होती. नावांच्या जागी नुसत्या तारखा. भरली वांगी करण्याच्या व्हिडिओतली एक चौकट. रेल्वेचं तिकीट. पाच वर्षांत जेव्हा जेव्हा तिने ते बटण दाबलं आणि काहीच झालं नाही म्हणून सोडून दिलं, ते सगळं तिथे होतं.

त्यातली एक तारीख होती १७ मे २०२०. लॉकडाउनमधला रविवार. नातीचं बारसं व्हिडिओ कॉलवर झालं होतं. पडद्यावर नऊ चौकोन. वर पाळणा, शेजारी कानात नाव सांगायला वाकलेली बाळाची आत्या, आणि डाव्या कोपऱ्यात कपाळावर चष्मा सरकवून पडद्याच्या अगदी जवळ आलेले काका. काका पुढच्या वर्षी गेले.

“मी तेव्हा दाबलं होतं बटण,” आत्या म्हणाली. “मला ते ठेवायचं होतं.”

(काही क्षण निवेदन नाही. पंख्याचा आवाज.)

तारखेच्या नावाने फाइल पुन्हा सापडणार नाही, म्हणून मी तिला एफ-२ चं बटण दाखवलं. ते दाबलं की फाइलचं नाव बदलता येतं, आणि ते मराठीतही चालतं. नंतर शोधाच्या चौकटीत तोच मराठी शब्द टाकला की फाइल समोर येते. पावत्यांची नावं तिने आधी घातली. ‘विमा हप्ता मार्च २०२४’. मग ती त्या नऊ चौकोनांच्या चित्रावर आली. कीबोर्ड मराठीत होताच. एकेक अक्षर शोधत, वर पडद्याकडे बघत तिने टाइप केलं :

बारसं.

(दृश्य : शोधाच्या चौकटीत तोच शब्द. खाली एकच फाइल.)