हृदय, दाब आणि महाडचा लाल विंचू

(दृश्य : हर्णै बंदर. दुपार कलली आहे. समोर सुवर्णदुर्ग. ओल्या वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, लिलावाचा गलका.)

हर्णैच्या बंदरावर मासा घेताना आधी कल्ला बघतात. टोपलीमागे उकिडवी बसलेली बाई सुरमईचं गालफड अंगठ्याने वर उचलते आणि गिऱ्हाइकापुढे धरते.

"बघा काकू, लालभडक हाय. बर्फातली नाय, आत्ता उतरवलीय."

काकू दोन बोटांनी कल्ला दाबतात, वास घेतात, मनातून खूश होतात आणि तरीही भाव पाडूनच मागतात.

कल्ल्याचा तो लाल रंग रक्ताचा. कल्ल्याच्या पाकळ्यांवरची त्वचा इतकी पातळ असते की आतलं रक्त आरपार दिसतं. मासा शिळा होऊ लागला की रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रंग पालटतो आणि कल्ला तपकिरी पडतो. काकूंनी आत्ता केली ती एक प्रकारची रक्ततपासणीच.

(दृश्य : विळीवर सुरमई. कल्ले निघतात. कॅमेरा अगदी जवळ.)

कल्ले ओढून काढताना त्यांच्या मागेच, गळ्यापाशी, एक गडद लाल गोळा सुटून येतो. हे माशाचं हृदय. आतड्यांबरोबर ते बाजूला पडतं आणि मांजराच्या वाट्याला जातं. माणसाचं हृदय समजून घ्यायला याच्यापासून सुरुवात करू.

माशाच्या हृदयाचे मुख्य कप्पे दोन. एकात रक्त जमतं, दुसऱ्यातून ते ढकललं जातं. हृदयातून निघालेलं रक्त आधी कल्ल्यात जातं, पाण्यातला प्राणवायू घेतं, तिथून तसंच पुढे अंगभर फिरतं आणि परत हृदयात येतं. सगळी मिळून एकच फेरी. सोय साधी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. कल्ल्यातल्या बारीक वाहिन्यांतून जाता जाता रक्ताचा दाब बराच उतरतो. शेपटीपर्यंतचा पुढचा प्रवास उरलेल्या दाबावर करायचा.

माकुलाने, म्हणजे स्क्विडने, यावर वेगळाच तोडगा काढलाय. त्याला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांसाठी दोन, आणि अंगासाठी तिसरं. रक्तही निळसर, कारण प्राणवायू वाहायला तिथे लोहाऐवजी तांबं असतं. माकुलाचं सुकं चापून खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना याची खबर असते?

(दृश्य : माणसाच्या हृदयाचं फिरतं रेखाचित्र.)

आपल्या छातीत या अडचणीचं आणखी एक उत्तर आहे. मुठीएवढं, साधारण ३०० ग्रॅम वजनाचं हृदय, आणि त्याच्या आत मधल्या पडद्याने वेगळे केलेले दोन पंप. दोघांनाही वर रक्त जमणारं एक अलिंद, खाली ते ढकलणारं एक निलय. उजवा पंप अंगभर फिरून आलेलं, प्राणवायू कमी झालेलं गडद लाल रक्त घेतो आणि फुप्फुसांत पाठवतो. तिथून ताजं होऊन आलेलं रक्त डावा पंप घेतो आणि महाधमनीतून सगळ्या शरीरात सोडतो. म्हणजे फुप्फुसातून बाहेर पडल्यावर रक्ताला पुन्हा एकदा नवा जोर मिळतो. माशाला ही चैन नाही.

शाळेच्या पुस्तकात हृदयाचं चित्र अर्धं लाल, अर्धं निळं असतं. ते पाठ करून मार्क मिळतात, पण त्या चित्रात दाब दिसत नाही. आणि दाब कळला नाही तर हृदय कळलं असं म्हणता येत नाही.

दोन्ही पंप मिनिटाला सारखंच रक्त पुढे ढकलतात. माणूस स्वस्थ बसलेला असताना सुमारे ५ लिटर. पण डावा निलय ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने ढकलतो, उजवा अवघ्या २५च्या आसपास. म्हणूनच डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड. फुप्फुसं शेजारीच आहेत म्हणून उजव्याला जोर कमी लागतो, हे खरंच. पण तिथे जास्त जोर चालणारही नाही. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा. मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. पातळ आहे म्हणून प्राणवायू पलीकडे जातो. आणि पातळ आहे म्हणूनच, इथल्या केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, दाब वाढला की रक्तातलं पाणी हवेच्या जागेत झिरपतं. एरवी तिथला दाब १०च्या आत-बाहेर असतो. तो अचानक २५च्या वर गेला की धोका.

केशवाहिन्यांतल्या दाबाचा हा २५चा आकडा लक्षात ठेवा. महाडला गेल्यावर तो लागणार आहे.

(दृश्य : खाडीकाठचा खारबांध. भरती चढते आहे. बांधातली उघाडी.)

त्याआधी झडपा. रायगडच्या खाडीकाठी खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेलं झाप. भरती चढली की खाडीचं पाणीच झाप दाबून धरतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तेच झाप ढकलून बाहेर पडतं. ते उघडायला किंवा लावायला रात्री-अपरात्री कुणी उठत नाही.

हृदयातल्या चारही झडपा याच तत्त्वावर चालतात. झडपेला उघडणारा स्नायू नसतो. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून ती उघडते. उलटा दाब आला की मिटते. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपांना खालून बारीक, चिवट दोऱ्या बांधलेल्या असतात. झडप मिटताना ती उलटी फिरून अलिंदात जाऊ नये, एवढंच त्या दोऱ्यांचं काम. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून जे 'लब-डब' ऐकतात, ते या झडपा मिटतानाचे आवाज. आधी अलिंद-निलयांमधल्या दोन झडपा, मग धमन्यांच्या तोंडावरच्या दोन.

ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातल्या एका छोट्या पेशीसमूहापासून होते. तिथे आपोआप विजेचा सूक्ष्म संदेश तयार होतो, आधी दोन्ही अलिंदांत पसरतो, मग मधल्या गाठीपाशी सेकंदाचा दहावा भाग थबकतो आणि नंतर निलयांत उतरतो. तेवढ्या वेळात अलिंदांतलं रक्त खाली उतरून घेतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला लाखाच्या वर होतात.

(दृश्य : जुन्या ग्रंथांतली शरीराची रेखाचित्रं.)

रक्त गोल फिरतं, ही आज शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट १६२८ साली नवी होती. त्याआधी युरोपात दीड हजार वर्षं समजूत अशी, की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात खर्ची पडतं. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कितीही कमी धरलं, तरी अर्ध्या तासात अंगात आहे त्यापेक्षा जास्त रक्त हृदयातून जातं. एवढं नवं रक्त घडीघडीला येणार कुठून? तेच परत येत असलं पाहिजे. फक्त धमन्यांतलं रक्त शिरांत नेमकं कुठून जातं, हे त्याला दिसलं नाही. तो १६५७ साली गेला. १६६१ साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, आणि हार्वेच्या वर्तुळातला राहिलेला तुकडा सापडला.

या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की काहींमधून तांबड्या पेशीला अंग दुमडून जावं लागतं. पण दाबाच्या दृष्टीने खरी नाकाबंदी त्यांच्या आधी आहे, शेवटच्या बारीक धमन्यांत. या धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. मज्जातंतूंचा निरोप आला, रक्तात ॲड्रिनलिन हे संप्रेरक वाढलं, की ते आवळतात. आणि आवळण्याचा हिशेब फार कडक आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, १६ पट होतो. हा नियम शोधणारा प्वाझय हा फ्रेंच माणूस डॉक्टरही होता. रक्ताच्या प्रवाहाचं कोडं सोडवतानाच तो इथवर पोचला.

तेव्हा हृदयाला किती जोर लावावा लागेल, हे एकट्या हृदयाच्या हातात नसतं. पलीकडच्या टोकाला नळ्या किती उघड्या आहेत, यावर ते ठरतं. याचा दाखला शोधायला फार लांब जायला नको.

(दृश्य : बाणकोटच्या खाडीतून आत, सावित्रीच्या काठाने महाडकडे. जांभ्या दगडाचे गडगे, भाताचा पेंढा, लाकडांचा ढीग.)

कोकणात विंचू दोन तऱ्हेचे भेटतात. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण सहसा जिवावर उठत नाही. घात करतो तो लहानसा, तांबूस अंगाचा लाल विंचू. गडग्याच्या फटीत, पेंढ्यात, सरपणात, कधी दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत.

१९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही मुलं, तेव्हा हकनाक दगावत. उपचार म्हणजे वेदनाशामक, अँटीहिस्टॅमिन, स्टेरॉइड. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि त्यातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. नुसतं ठणकतंय म्हणून आकांत करणारा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होताहेत, अंग घामाने निथळतंय, तोंडाला लाळ सुटलीय आणि हातपाय बर्फासारखे गार पडलेत, तो पुढच्या काही तासांत हृदय निकामी होऊन जाऊ शकतो. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

(दृश्य : रेखाचित्र. बारीक धमन्या आवळतात. डावा निलय फुगतो. फुप्फुसं पांढुरकी होत जातात.)

काय होतं ते आता नीट बघा. विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत. ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन रक्तात धो धो येतं. अंगभरच्या बारीक धमन्या करकचून आवळतात. हातपाय गार पडतात ते यामुळे. रक्तदाब भडकतो. डावा निलय त्या बंद होत आलेल्या नळ्यांविरुद्ध जोर लावत राहतो, त्यातच त्याच्या स्नायूलाही इजा होते, आणि शेवटी तो दमतो.

उजवा पंप मात्र रक्त पाठवतच असतो. समजा, उजव्याने दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त रक्त पुढे ढकललं. मिनिटाला १०० ठोके धरले तर ५ मिनिटांत अर्धा लिटर रक्त फुप्फुसांत तुंबेल. तिथला दाब २५च्या वर जातो. अर्ध्या मायक्रॉनच्या पडद्यातून पाणी झिरपू लागतं. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. माणूस कोरड्या खाटेवर, हवेत असून, आतल्या आत बुडत असतो.

मग औषध हृदयाला जोर देणारं हवं का? बावस्करांनी उलटा विचार केला. पंपाला चाबूक मारण्यापेक्षा नळ्या मोकळ्या करायच्या. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. नॉरॲड्रिनलिनचा निरोप धमन्यांच्या स्नायूंपर्यंत ती पोचू देत नाही. धमन्या सैलावतात, अडथळा उतरतो, डाव्या निलयाला रक्त पुढे ढकलायला वाट मिळते आणि फुप्फुसांतलं तुंबलेलं रक्त ओसरू लागतं. हा उपचार त्यांनी १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडला. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांतले ३० टक्क्यांच्या घरात दगावत; नंतर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावर उतारा म्हणून द्यायची लसही (प्रतिविष) आली. प्राझोसिनबरोबर ती दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हा महाडमधलाच अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. ती जरा लवकर मिळायला हरकत नव्हती.

(दृश्य : दवाखान्यातली खाट. पोराचा पाय, त्यावर परिचारिकेचा हात.)

गोळी दिल्यावर एक पथ्य कसोशीने पाळावं लागतं. पोर रडतंय म्हटल्यावर आईचा हात आपसूक पुढे येतो.

"सिस्टर, मांडीवर घेऊ का जरा?"

"नको ताई, आडवाच राहू दे त्याला. उचलायचं नाही, बसवायचं नाही."

यालाही कारण रक्ताभिसरणाचंच. औषधाने वाहिन्या सैलावल्या आहेत. अशात पोराला उभं धरलं तर रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला कमी पडतं, रक्तदाब एकदम कोसळतो. आडवं असताना तेच रक्त विनासायास हृदयाकडे येतं. तोंडावाटे पाणी मात्र द्यायचं, कारण उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी आटलेलं असतं.

दर तीन तासांनी पुढचा डोस, आणि दर थोड्या वेळाने पायाला हात लावून बघायचं. तळपाय गरम आणि कोरडा लागला, पावलावरच्या शिरा पुन्हा दिसू लागल्या, म्हणजे बारीक धमन्या उघडल्या. मग पुढची गोळी बंद.