बोटाखाली लपलेला टाका

(दृश्य: पडद्यावर फक्त दोन हात. क्रोशाची सुई आणि पिवळी लोकर.)

हे हात कुणाचे आहेत, मला ठाऊक नाही. चेहरा कधी दिसलाच नाही. पण गेले तीन आठवडे मी रोज रात्री या हातांसमोर बसतेय. सुई टाक्यात शिरते, दोरा उचलते, बाहेर येते. पुन्हा शिरते. बघता बघता वाटायला लागतं, यात काय आहे, हे तर आपल्यालाही येतंय.

(दृश्य: दुसरे हात. मांडीवर एक वेडावाकडा तुकडा.)

आणि हे माझे हात. ओळीला वीस मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घालून साधा चौकोन विणायचा होता. दहाव्या ओळीपर्यंत तो वर निमुळता होत गेला. मोजून पाहिलं, तर खांब भरले चौदा. एकही टाका सुटलेला दिसत नव्हता, दोरा कुठे तुटला नव्हता. मग सहा खांब गेले कुठे?

व्हिडिओ मी पहिल्या दिवशीच चार वेळा पाहिला होता. माझी चूक तिथूनच सुरू झाली, असं आता वाटतं.

2018 साली मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी जागच्या जागी ठेवून खालचं कापड झटक्यात ओढून काढायचं, हा खेळ लोकांना व्हिडिओवर दाखवला. काहींना एकदा, काहींना वीसदा. वीसदा पाहिलेल्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटलं. दुसऱ्या प्रयोगात डार्ट, म्हणजे फळ्यावर नेम धरून मारायचे छोटे बाण, फेकतानाचा व्हिडिओ दाखवला आणि मग लोकांच्या हातात खरे डार्ट दिले. वीसदा पाहिलेल्यांना आपला नेम चांगला लागेल अशी खात्री होती, पण गुण काही वाढले नाहीत. मला सगळ्यात भिडला तो जगलिंगचा, म्हणजे दांड्या एकामागून एक हवेत उडवून झेलण्याचा, प्रयोग. व्हिडिओ पाहून झाल्यावर लोकांना त्या दांड्या नुसत्या हातात धरायला दिल्या. तेवढ्यानेच त्यांचा आत्मविश्वास खाली आला. वजन हाताला कळलं, आणि डोळ्यांनी बांधलेला अंदाज ढासळला.

(दृश्य: डाव्या हाताच्या तर्जनीवरून जाणारा दोरा, अगदी जवळून.)

दोरा किती ताणून धरायचा, हे पडद्यावर दिसत नाही. बोटावरून तो सैल गेलाय की घट्ट, हे त्या हातांनाच ठाऊक. माझ्या पहिल्या साखळ्या इतक्या आवळल्या होत्या की पुढच्या ओळीला सुईचं टोक आत जाईना. मग मी जरा सैल सोडलं, तर जाळीच झाली. मधलं माप सापडायला मला नऊ दिवस लागले. ते कसं सापडलं, हे मला आजही शब्दांत सांगता येणार नाही. हात बसला, एवढंच म्हणता येईल.

(दृश्य: कागदाचा चौकोन. त्यावर तुटक रेषा, बाजूला बाण.)

नुसतं पाहून हात बसत नाही, ही गोष्ट ओरिगामीमध्ये, कागदाला घड्या घालायच्या कलेत, फार आधी कुणीतरी ओळखली होती, असं मला वाटतं. जपानचे अकिरा योशिझावा यांनी 1954 च्या त्यांच्या पुस्तकात घड्या दाखवायची एक चिन्हपद्धत वापरली. आत दुमडायची घडी तुटक रेषेने, बाहेर दुमडायची घडी रेघ आणि टिंबांनी, दिशा दाखवायला बाण. पुढे इतरांनी त्यात थोडी भर घातली, आणि आज जगभरात ओरिगामी याच खुणांनी शिकवली जाते. जपानी येत नसलं तरी अडत नाही.

पण मला त्यातलं खरं मोल वेगळंच दिसतं. एका चित्रातून दुसऱ्या चित्राकडे जायचं, तर मधली घडी तुम्हालाच घालावी लागते. घडी झाली नाही, तर पुढचं चित्र तुमच्या हातातल्या कागदाशी जुळतच नाही. कागदावरची आकृती तुमच्यासाठी खोळंबून राहते. व्हिडिओ खोळंबत नाही. तुमच्या हातात काहीही असो, तो पुढे जातो.

योशिझावा 14 मार्च 2005 रोजी, 94 व्या वाढदिवसाच्या दिवशी गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 23 एप्रिलला, यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला.

(दृश्य: ओल्या कॅनव्हासवर रंगाचा फटकारा.)

टीव्हीवर चित्रं काढायला शिकवणारे अमेरिकी चित्रकार बॉब रॉस यांचं नाव अनेकांना माहीत असेल. 1983 ते 1994 या काळात त्यांच्या 'द जॉय ऑफ पेंटिंग' या कार्यक्रमाचे 403 भाग झाले. जेमतेम अर्ध्या तासात पूर्ण निसर्गचित्र. तैलरंग वाळायला कितीतरी दिवस घेतात, म्हणून ते ओल्या थरावरच पुढचा ओला रंग देत. तेच भाग आज ऑनलाइन पाहून कितीतरी लोक पहिल्यांदा ब्रश धरतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. फक्त एक गोष्ट पडद्यावर येत नसे. तेच चित्र ते चित्रीकरणाआधी एकदा काढून ठेवत आणि ते समोर ठेवून रंगवत. पुस्तकासाठी आणखी एकदा काढत. आपण पाहतो ते बहुधा दुसऱ्यांदा काढलेलं चित्र असतं.

(दृश्य: पुन्हा पिवळी लोकर. व्हिडिओ पाव वेगाने.)

तेराव्या रात्री मी व्हिडिओचा वेग पाववर आणला आणि ओळीच्या शेवटाशी थांबवला. शिकवणाऱ्या बाईंचा अंगठा कोपऱ्यावर होता. शेवटचा टाका त्याच्याखाली. त्यांच्या सुईला तो न बघता सापडत होता, म्हणून त्यांनी कधी सांगितलंच नाही. मी मात्र दर दोन ओळींपैकी एकीत तरी तो गाळत आले होते. दहा ओळींत सहा.

अंगठा हलेपर्यंत मी एकेक क्षण पुढे सरकवत राहिले. मग दिसला. कडेला दबलेला, इतर टाक्यांपेक्षा आखूड, गाठीसारखा.

नावांचाही घोळ आहे, तेही सांगून टाकते. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकी सूचनांत सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश सूचनांत डबल क्रोशे म्हणतात. व्हिडिओ कुठल्या पद्धतीचा आहे हे आधी कळलं नाही, तर सगळा तुकडा भलत्याच उंचीचा होतो. आणि डावखुऱ्यांसाठी चित्र आरशासारखं उलटवून पाहणं हा एक सोपा मार्ग.

(दृश्य: सगळा तुकडा उसवला जातोय. लोकर कुरळी होऊन मांडीवर साचते.)

मी दहाच्या दहा ओळी उसवल्या. उसवलेल्या लोकरीला टाक्यांची वळणं तशीच राहतात.

आता प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवते. परत येताना तिथपर्यंत पोचलं, म्हणजे ओळ संपली. व्हिडिओ दर ओळीला थांबवते, पडदा काळा होतो, आणि मी मोजते.

(दृश्य: बोट एकेका टाक्यावरून सरकतंय. आवाज नाही.)

सतरा. अठरा. एकोणीस.

लाल दोरा.

वीस.