ग्वाल्हेरच्या थंडीत नागवेल

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विड्याची पानं लागतात, आणि दारची नागवेल नेमकी तेव्हाच काळी पडते. ही वेल दमट, उबदार हवेतली. पारा दहाच्या खाली गेला की पानं गळू लागतात, आणि आपल्या ग्वाल्हेरात जानेवारीत तो पाचच्याही खाली उतरतो. जवळच्या बिलौआत पानाची शेती होते खरी, पण बरेजात. म्हणजे वरून आणि चहूबाजूंनी झाकलेल्या मांडवात.

पानांचा मोह सोडा. बुंधा आणि खालची तीन-चार पेरं जगली, तर वेल पुन्हा चढते. म्हणून दिवाळीच्या आतच जमिनीलगतची एक फांदी वाकवून तिची दोन पेरं दोन इंच मातीत दाबून ठेवा. तिथे मुळं फुटतात; वरचं सगळं गेलं तरी हे रोप हाती राहतं. बुंध्याभोवती सुक्या पानांचा तीन इंच थर द्या, पण खोडापासून दोन बोटं लांब. चिकटला तर खोड कुजतं.

खरी धास्ती निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीची. जमिनीची ऊब अशा रात्री सरळ आकाशात निघून जाते. ढगाळ रात्री तेवढी जात नाही. त्यामुळे नुसतं खोडाला गुंडाळलेलं फडकं फारसं कामाचं नाही. चार बांबू रोवून वर तरट किंवा जुनी चादर टाका, ती थेट जमिनीला टेकवा आणि कडेला विटा ठेवा. हे सूर्यास्ताआधी करायचं, ऊब आत असतानाच. प्लास्टिक पानांना लागलं तर तिथली पानं हमखास करपतात. ऊन आलं की झाकण काढा. धुकं दिवसभर हटलंच नाही, तर दुपारी एक बाजू उचलून थोडी हवा द्या.

पाणी सकाळी दहानंतर, तेही वरची इंचभर माती सुकल्यावरच. गार आणि चिखल झालेल्या मातीत मुळं सडतात. मात्र कडाक्याच्या रात्रीचा अंदाज असेल तर त्या सकाळी माती ओलावून ठेवा. कोरड्या मातीपेक्षा ओली माती ऊब जास्त साठवते. युरिया तर दिवाळीनंतर नकोच, कोवळे शेंडे फुटतात आणि तेच आधी जळतात.

काळ्या फांद्या फेब्रुवारी संपेपर्यंत कापू नका. मग नखानं साल खरवडून पाहा. हिरवं दिसेल त्या पेराच्या वर काप द्या. बुंधाही तपकिरी निघाला, तरी पाडव्यापर्यंत उपटू नका. मुळाशी कोंब येऊ शकतो.