स्कायचं पांढरं गवत

मंडळी, इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धुक्याच्या आरपार बघतो, असा एक समज फोटोवाल्यांमध्ये घट्ट बसलाय. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तो पहिल्याच चढाला गळून पडतो. इन्फ्रारेड भेदतो तो धुरकटपणा. हवेच्या रेणूंमुळे होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं. 400 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश जितका विखुरतो, त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच 800 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. म्हणून निरभ्र आकाश काळंभोर येतं आणि लांबच्या डोंगरकडा धारदार होतात. धुक्याचे थेंब मात्र या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. त्यांच्यापुढे दोन्ही प्रकाश सारखेच हतबल. धुकं उतरलं की कॅमेरा पिशवीत घालावा आणि मुकाट पायाखाली बघावं.

आणि स्कायवरच्या क्विराँग या कड्याकपारीच्या भागात पायाखाली बघावंच लागतं. ट्रॉटर्निश द्वीपकल्पावरची ही फेरी जेमतेम सात किलोमीटरची, पण वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, मध्येच ओहोळ कापते, ओल्या मातीवर बूट सटकतो. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट इथे जुरासिक काळातल्या ठिसूळ गाळाच्या खडकांवर बसलाय. खालच्यांना ते ओझं पेलवलं नाही, आणि कड्याचे प्रचंड तुकडे सुटून समुद्राकडे सरकत गेले. सरकणं अजून थांबलेलं नाही. फ्लॉडिगॅरी गावाजवळचा रस्ता सारखा दुरुस्त करावा लागतो. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हा दगड ओळखीचा वाटेल. तोही लाव्ह्याच्या थरांचाच.

साध्या फोटोत हा पसारा हिरवट-करडा, एकात एक मिसळलेला दिसतो. इन्फ्रारेडमध्ये तो सुटा होतो. गवत पांढरंशुभ्र येतं, कारण हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही आणि पानातल्या पेशी व हवेच्या पोकळ्या तो परतवतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने असे निसर्गफोटो 1910 मध्येच छापले होते. बेसाल्ट काळाच राहतो. त्यामुळे कडा कुठे तुटला, तुकडा कुठवर घसरला, सुळक्यांच्या मधोमध 'टेबल' नावाचं ते सपाट कुरण कसं अडकून राहिलं, हे नकाशासारखं वाचता येतं. नुसता स्वप्नील परिणाम म्हणून इन्फ्रारेड वापरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हे तर भूगर्भ उलगडून दाखवणारं साधन आहे!

आता सामान. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती तशीच ठेवून 720 नॅनोमीटरचा, म्हणजे जवळपास फक्त इन्फ्रारेडच आत सोडणारा फिल्टर लावलात, तर उन्हातसुद्धा शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं. स्कायच्या वाऱ्यात गवताचा नुसता फराटा येणार. त्यापेक्षा जुना मिररलेस कॅमेरा घ्या आणि ती काच काढून घ्या. मग तोच फिल्टर लावूनही हातात धरून फोटो निघतो. ऊन भर दुपारचं चालतं, बाकीचे फोटोवाले डबा उघडून बसलेले असतात तेव्हाचं. लेन्स मात्र निघण्याआधी घरीच तपासा. काही चांगल्या, महागड्या लेन्ससुद्धा छिद्र एफ 11 पेक्षा बारीक केलं की फोटोच्या मध्यभागी पांढरट डाग पाडतात, आणि तो नंतर संगणकावर काढणं फार जिकिरीचं असतं.