एकाच छत्रीत दोन उपग्रह

(दृश्य: पहाट. चुलीचा धूर. कॅमेरा गल्लीतून वर, गच्च्यांवर.)

कोरेगाव तालुक्यातलं हे गाव अजून पुरतं जागं झालेलं नाही. पण गच्च्यांवर बघा. कौलांवर, पत्र्यावर, गोठ्याच्या भिंतीवर, जिथं टेकायला जागा मिळाली तिथं एकेक टीव्हीची छत्री. आणि साऱ्यांची तोंडं एकाच अंगाला. कुठली आग्नेयेला, कुठली तिथून थोडी दक्षिणेकडे सरकलेली.

(दृश्य: गोठा. वाकलेली डिश, त्यात भिजत घातलेली पेंड.)

या घरावर दोन छत्र्या होत्या. एक थोरल्या भावाची, महिन्याला रिचार्ज मारायची. दुसरी धाकट्याची, दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशची. वळवाच्या वाऱ्यानं दुसरी उपटून अंगणात आणून टाकली. ती ही. आता तिच्यात म्हशीची पेंड भिजते.

नवी छत्री आणायची तर लावायची कुठं? घराच्या पूर्वेला आंबा, दक्षिणेला शेजाऱ्यांचा दुसरा मजला. आभाळाचा जो एक कोपरा मोकळा आहे, तिथं थोरल्याची छत्री आधीच उभी.

आणि नवी हवीच कशाला? जी उभी आहे, तिच्यावर दोन्ही उपग्रहांचे सिग्नल आजही पडतायत. रात्रंदिवस. आपण त्यातला एकच उचलतोय, दुसरा वाया चाललाय.

(दृश्य: मोटारसायकलवरून मामा आणि भाचा. हँडलला केबलचं वेटोळं.)

हे मामा. मामा भाच्याचे, पण आता अख्खा गाव त्यांना मामाच म्हणतो. पिशवीत एक जुना एलएनबी, खिडकीच्या कामातून उरलेली ॲल्युमिनियमची पट्टी, दोन क्लॅम्प, पक्कड, दहा नंबरचा पाना आणि चिकटपट्टी. एवढ्यावर आज काम होणार आहे.

एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला तो डबा. छत्री स्वतः काहीच पकडत नाही. ती फक्त परावर्तन करते, आरशासारखं. पकडतो तो एलएनबी. आलेल्या लहरी अकरा-बारा गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. इतक्या उंच वारंवारतेचा सिग्नल केबलमधून खाली आणायचा तर वाटेतच विरेल. म्हणून एलएनबी तो वरच वाढवतो, वारंवारता खाली आणतो आणि मग केबलमध्ये सोडतो.

(दृश्य: मामा गच्चीवर. खडूनं जमिनीवर आकृती काढताना.)

आता खडूकडे लक्ष द्या. मामा शाळेतल्या गुरुजींसारखे समजावतात आणि ते थोडं सावकाशच घ्यायला हवं.

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर. पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला जागच्या जागी दिसतात. थोरल्याचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर. श्रीलंकेच्या दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे. तिथं जीसॅट-२४ आहे, २०२२ च्या जूनमध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ अग्निबाणानं वर गेलेला. फ्री डिशचा उपग्रह साडेत्र्याण्णव अंशावर. निकोबारवरून सरळ दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत गेलात की त्याच्या खाली उभे राहाल. तो जीसॅट-१५. तोही कुरूहूनच, ११ नोव्हेंबर २०१५ ला.

रेखांशात फरक साडेदहा अंशांचा. पण आपण पृथ्वीच्या पोटात नाही, पाठीवर उभे आहोत, म्हणून उपग्रहांच्या थोडे जवळ आहोत. साताऱ्याकडून पाहिलं तर दोघांत जवळपास बारा अंश दिसतात. हात लांब करून मूठ धरा. मुठीएवढं अंतर आणि वर थोडं.

(दृश्य: मामांची मूठ, मागे आकाश.)

छत्री ८३ कडे रोखलेली आहे, ती हलवायची नाही. हा मामांचा पहिला नियम. थोरल्याचं चालू आहे ते चालूच राहिलं पाहिजे. मग साडेत्र्याण्णवचा सिग्नल जाऊन पडतो कुठं?

छत्रीच्या मागे उभे राहा, तोंड आभाळाकडे. साडेत्र्याण्णव अंश तुमच्या डावीकडे आहे आणि ८३ पेक्षा खाली. ८३ आपल्या क्षितिजापासून सदुसष्ट अंशांच्या आसपास उंच, तर साडेत्र्याण्णव साठाच्या आसपास. आरशात सगळं उलटतं. डावीकडून आलेलं उजवीकडे जातं, खालून आलेलं वर जातं. म्हणजे दुसरा एलएनबी पहिल्याच्या उजवीकडे आणि चढता. पूर्वेच्या उपग्रहाचा एलएनबी पश्चिमेला!

इथंच बहुतेक जण चुकतात. पूर्वेचा उपग्रह म्हणून एलएनबी पूर्वेला बांधतात, दिवसभर हलवतात आणि संध्याकाळी म्हणतात, छत्री बाद आहे. छत्री बाद नसते.

अंतर किती? साठ सेंटिमीटरच्या छत्रीला, या दोन उपग्रहांसाठी, एका एलएनबीच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर. एलएनबीचं तोंड सहा सेंटिमीटरचं. म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी मावतात, मधे बोटभर फट राहते. हेच ८८ आणि साडेत्र्याण्णव असते तर लहान छत्रीत दोघांचे खांदे घासले असते, मोठी छत्री लागली असती. कुठले दोन उपग्रह, यावर सगळं आहे.

(दृश्य: पट्टी वाकवताना हात. पाना. क्लॅम्प.)

पट्टी दांड्याला आवळली. तिला उजवीकडे बाक दिला, मग वर. दुसरा एलएनबी क्लॅम्पमध्ये सैल ठेवला, कारण तो अजून तीन तऱ्हांनी हलायचा आहे: आडवा, उभा आणि स्वतःभोवती. हे तिसरं फार जण विसरतात. लहरी उभ्या-आडव्या अशा दोन प्रतलांत येतात आणि आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत की प्रत्येक उपग्रहाची प्रतलं आपल्याला वेगवेगळी कललेली दिसतात. शेजारच्या एलएनबीची नक्कल करून चालत नाही. दुसऱ्याला त्याचा स्वतःचा पीळ द्यावा लागतो.

आता कनेक्टर. कॅमेरा जरा जवळ नेला आहे. केबलचं वरचं साल काढलं, तारेची जाळी मागे मुडपली, आतलं पांढरं सोलून मधली तार नखाएवढी मोकळी ठेवली. मामा ती उजेडात धरून फिरवून बघतात. जाळीचा केसाएवढा तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. चष्मा कपाळावर सरकवून ते तो तंतू चिमटीनं उपटतात.

(दृश्य: खालची खोली. टीव्ही, भाचा, आजी.)

खाली भाचा बॉक्सच्या मेनूत. वर मामा. मधे जिना.

"किती रं?"

"स्ट्रेंथ साठ! क्वालिटी शून्य!"

"स्ट्रेंथ सांगू नको, क्वालिटी सांग!"

स्ट्रेंथवर भुलू नये. एलएनबीला वीज पोचली की स्ट्रेंथ काहीतरी दाखवतेच. आभाळातलं खरं काही सापडलं की नाही, ते क्वालिटी सांगते.

"शून्यच!"

मामा एलएनबी एक बोट वर घेतात.

"मामा, आली! गेली!"

अर्धं बोट खाली.

"आली! पस्तीस! बावन्न! हलवू नका, हलवू नका!"

आता पीळ. उजवीकडे चिमूटभर. साठ. अजून चिमूटभर. अडुसष्ट. अजून थोडं, चौसष्ट. मागे. अडुसष्ट. पाना.

आजी कॉटवरून विचारते, "सह्याद्री लागली का?"

(दृश्य: टीव्हीचा पडदा. आजीचा चेहरा.)

(निवेदन थांबते.)

(दृश्य: मामांचं घर. परसात मोठी जाळीची छत्री, वेल चढलेला.)

मामा हे कुठं शिकले? कुठल्या वर्गात नाही. नव्वदीच्या दशकात ते केबलच्या कंट्रोल रूममध्ये पोऱ्या म्हणून लागले. तेव्हा सगळ्यांची नजर १०५.५ अंशावर, एशियासॅट-१ या उपग्रहाकडे.

त्या उपग्रहाची गोष्ट सांगितल्याशिवाय मामा चहा पुढे करत नाहीत. तो मुळात अमेरिकेचा, वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर या अवकाश शटलमधून सोडला आणि चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी शटलचे अंतराळवीर गेले, तो अवकाशात हातांनी पकडला आणि पृथ्वीवर परत आणला. दुरुस्त झाला, विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या अग्निबाणावरून एशियासॅट-१ म्हणून पुन्हा वर गेला. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झालं ते याच उपग्रहावरून. एकदा वाया गेलेली वस्तू दुरुस्त करून महाराष्ट्रातल्या घराघरांत चित्र दाखवत होती. मामांच्या हातांना ही गोष्ट का आवडते, ते वेगळं सांगायला नको.

१९९५ च्या अखेरीस १००.५ अंशासाठी एशियासॅट-२ वर गेला. नव्या वाहिन्यांसाठी मालकाला दुसरी बारा फुटी छत्री परवडणारी नव्हती. तेव्हा पहिल्यांदा एका छत्रीत दोन बसवायचा प्रसंग आला. या मोठ्या छत्र्या सी बँडच्या, म्हणजे जास्त लांब लहरींच्या. त्यांच्या एलएनबीभोवती कड्यांची मोठी तबकडी असते. दोन तबकड्या शेजारी मावेनात. मग लोखंडाच्या करवतीनं दोन्हींची एकेक बाजू कापली आणि भाकरीचे दोन तुकडे जुळवावेत तशा एकमेकींना लावल्या. ती कापलेली तबकडी मामांनी अजून ठेवली आहे. ही बघा.

(दृश्य: तबकडीवरच्या करवतीच्या खुणा. मग टेबलावर उघडलेला छोटा स्विच.)

आणि हा डायसेक, एलएनबी बदलून देणारा स्विच. भावांच्या घरी तो लागला नाही, कारण तिथं बॉक्स दोन, एलएनबी दोन, केबली दोन. पण बॉक्स एकच असेल तर? मामांच्या परसातल्या छत्रीत दोन एलएनबी आहेत, घरात बॉक्स एक आणि भिंतीतून आत येणारी केबलही एकच. वर छत्रीपाशी हा स्विच, चार एलएनबींपर्यंतचा.

त्या एका केबलमधून किती काय काय चालतं बघा. वरून खाली चित्र आणि आवाज. खालून वर एलएनबीसाठी वीज: तेरा व्होल्ट दिले की तो उभ्या प्रतलाचं घेतो, अठरा दिले की आडव्याचं. आणि त्याच विजेवर बावीस किलोहर्ट्‌झचा बारीक सूर, मिलिसेकंदाच्या लांब-आखूड ठोक्यांत तोडलेला. जुन्या तारयंत्रासारखा. त्या ठोक्यांत बॉक्स स्विचला सांगतो: आता दोन नंबर दे. ही भाषा युरोपातल्या यूटेलसॅट या उपग्रह संस्थेनं बसवली. आपण रिमोटचं बटण दाबतो, वर परसात ती बोलली जाते.

(दृश्य: शाळकरी मुलगी, वही, टीव्ही.)

फ्री डिश सुरू झाली १६ डिसेंबर २००४ ला, डीडी डायरेक्ट प्लस या नावानं, ३३ वाहिन्या घेऊन. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, पुढे महिन्याला काही नाही. २०१७ च्या जुलैमध्ये त्याच जीसॅट-१५ वरून स्वयंप्रभाच्या ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या, त्याही मोफत. हा उपग्रह आपल्या पैशातून वर गेलेला आहे. ज्या घरावर आधीच अशी ८३ कडे रोखलेली छत्री उभी आहे, तिथं तो एक पट्टी आणि एक एलएनबी इतकाच दूर आहे. गावोगाव हे मेकॅनिकला विचारा, करायला लावा, शिकून घ्या.

बाजूचा एलएनबी छत्रीच्या ऐन मध्यावर नसतो, त्यामुळे जोराच्या पावसात त्याचं चित्र आधी जातं, आणि अशी पट्टी दिसली की कंपनीचा माणूस कधी कधी छत्रीला हात लावायला नकार देतो.

(दृश्य: मार्च. तीच गच्ची. कडक ऊन. मामांच्या हातात पांढरा कागद.)

मार्चचा दुसरा आठवडा. आम्ही मुद्दाम या दिवसांत परत आलो. वर्षातून दोनदा, आता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य आपल्याकडून पाहता नेमका उपग्रहांच्या पाठीमागून जातो. त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो आणि काही मिनिटं चित्र फुटतं. लोक वैतागतात. मामा या दिवसांची वाट बघतात, कारण एरवी न दिसणारं या दिवसांत डोळ्यांना दिसतं.

अकरा वाजले. छत्रीचा रंग खरबरीत, तरी तिनं गोळा केलेलं ऊन एका जागी पडतंय. कागद धरला की उजेडाचा ठिपका स्पष्ट उमटतो. तो आत्ता उजवीकडच्या, वरच्या एलएनबीकडे सरकतोय. सव्वाअकराच्या आत-बाहेर तो बरोबर त्याच्या तोंडावर आला. खालून आवाज, "मामा, फ्री डिश गेली!" थोरल्याचं चित्र मात्र स्वच्छ.

आता कागद सरकवत राहा. ठिपका खाली येतोय, डावीकडे. पट्टीच्या बाकावरून, त्या बोटभर फटीवरून. सूर्य तासाला पंधरा अंश चालतो. बारा अंशांना पाऊण तासाहून थोडं जास्त लागतं.

(दृश्य: ठिपक्याचा जलद चित्रित प्रवास.)

बाराच्या सुमारास ठिपका मधल्या एलएनबीवर. थोरल्याचा पडदा निळा. आणि आजीच्या खोलीत केव्हाच परत आलेली सह्याद्री.

मामा कागदाची घडी करून खिशात घालतात. पट्टीला अजून एक भोक पाडलेलं आहे, डाव्या टोकाला, रिकामं.