सरकत्या वाळूचा सोनेरी लव्हाळा

न्यूझीलंडचा किनारा. भरतीची रेघ संपते तिथून थोडं वर, वाळूच्या पहिल्याच उंचवट्यावर सोनेरी-नारिंगी झुबके दिसतायत. हा पिंगाओ. न्यूझीलंडबाहेर तो जगात कुठेही आपणहून उगवत नाही.

जवळून पाहा. पान ताठ, मधे खोलगट, कडेवरून उलटं बोट फिरवलं तर खरखरतं. बुंध्यातून दोरखंडासारखा जाड धुमारा निघून वाळूवरून सरपटत पुढे जातो. वारा वाळू आणतो, ती पानांत अडकते, झुबका निम्मा गाडला जातो. मग पिंगाओ त्याच वाळूतून पुन्हा वर येतो. गाडलं जाणं हेच त्याचं जगणं आहे. वाळू यायची थांबली, की तो खंगायला लागतो.

आणि वाळू थांबवली ती माणसानेच. युरोपातून आलेल्या वसाहतकारांची गुरं वाळूच्या टेकड्यांवर चरली, आगी लागल्या, मोकळी झालेली वाळू शेतांवर उडू लागली. उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपातलंच मॅरम गवत आणलं आणि मैलोन्‌मैल लावलं. मॅरमने काम चोख केलं. पण त्याच्या दाट वाढीने टेकड्या उंच आणि उभ्या चढाच्या झाल्या, वाळू जखडली गेली. विसाव्या शतकात देशातलं हलत्या वाळूचं क्षेत्र सुमारे 1,29,000 हेक्टरवरून 39,000 हेक्टरवर आलं. पिंगाओबरोबर काटिपोचीही जागा आक्रसली. पाठीवर लाल पट्टा असलेली ही काळी कोळीण विरळ झुबक्यांच्या बुडाशी जाळं विणते. मॅरमच्या गर्दीत तिला जाळ्यापुरती मोकळी जागा मिळत नाही.

माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या कथेत पिंगाओ म्हणजे वनदेव ताने याच्या भुवया. सागरदेव तांगारोआशी समेट व्हावा म्हणून त्याने त्या उपटून दिल्या. तांगारोआने रागाने किनाऱ्यावर भिरकावल्या, तिथेच त्या रुजल्या. माओरी सभागृहांच्या भिंतींवरच्या तुकुतुकु या पारंपरिक विणकामातला पिवळा रंग याच पानांचा. पान वाळलं की सोनेरी होतं, रंगवावं लागत नाही. म्हणूनच पिंगाओ कमी होतोय याची झळ विणकरांना थेट बसली.

आता बचावाची बाजू, आणि इथे वनस्पतिशास्त्र मदतीला येतं. दिसायला गवत असला, तरी पिंगाओ आहे लव्हाळ्याच्या कुळातला. फक्त गवत मारणारं तणनाशक फवारलं, की मॅरम जळतं आणि पिंगाओ शाबूत राहतो. स्टुअर्ट बेटावरच्या डोबॉय उपसागरात मॅरम असंच हटवलं गेलं, आणि वाळू पुन्हा हलू लागली. हे काम एका फवारणीत मात्र संपत नाही. जमिनीतल्या खोडांतून मॅरम परत फुटतं, त्यामागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं.

रोपं शक्यतो त्याच किनाऱ्याच्या बियांपासून करतात, कारण जागेनुसार पिंगाओचा रंग आणि वाढ बदलते. थंडीत, वाळू ओली असताना, ती समुद्राकडच्या उतारावर खोल लावली जातात. पुढचं संकट सशांचं. कोवळी पानं त्यांना फार आवडतात, म्हणून लागवडीभोवती कुंपण घालावं लागतं. आणि मोटारी! किनाऱ्यावर हौसेने फिरवलेल्या एका गाडीची चाकं नुकतेच धरलेले धुमारे तोडून जातात. त्यामुळे जिथे पिंगाओ लावलाय, तिथे गाड्यांना बंदी आणि चालणाऱ्यांना आखून दिलेली एकच वाट, एवढं तरी हवंच.