बाईंची माती

नमस्कार मंडळी. मघाशी हळदीकुंकवाला जी सुगडं होती, ती मी घरामागच्या छोट्या भट्टीत भाजलेली. मातीत हात घालायला मला ज्यांनी शिकवलं, त्या सोलापूरच्या आमच्या बाईंबद्दल आज बोलते. बाई सिरॅमिकमध्ये शिल्पं करायच्या आणि शाळेत चित्रकला शिकवायच्या.

सोलापूरची काळी माती कापसाला चांगली, शिल्पाला अवघड. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, भेगाळते. त्यात चुनखडीचे खडे. भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि भाजलेल्या वस्तूचा टवका उडवतो. मी केलेल्या पहिल्याच मुखवट्याचं नाक चौथ्या दिवशी असं उडालं. मी रडले. बाईंनी चाळण हातात दिली. पुढचा महिनाभर मी फक्त माती कालवून गाळत होते.

उन्हाळ्यात पारा 40 च्या वर. शिल्प बाहेरून सुकतं, आत ओलं राहतं आणि चिरतं. बाई जुन्या सोलापुरी चादरी भिजवून शिल्पांवर पांघरायच्या, रात्री उठून पुन्हा पाणी शिंपडायच्या. मातीत घोड्याची लीद मिसळायला त्या कुंभारवाड्यातल्या एका मावशींकडून शिकल्या. लीद जळून बारीक छिद्रं राहतात, वाफेला वाट मिळते. त्या मावशींना बाई चारचौघांत ‘माझ्या गुरू’ म्हणायच्या. मला त्यांचं हे फार मोठं वाटतं.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीतली ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, इथल्या अनेकांनी पाहिली असेल. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, ही आपली कथा. यात्रेत तोच विवाह लागतो: पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत येतात, संमती कट्ट्यावर सुगडी पूजन होतं, अक्षता पडतात. बाई आम्हाला गर्दीत उभं करून विचारायच्या, “नवरी कुठाय गं?” आम्ही गप्प.

त्या नवरीचे हात बाई वर्षानुवर्षं घडवत राहिल्या. मेंदी नाही, बांगड्या नाहीत. चाकावरून नुकतेच उचललेले, बोटांच्या पेरांत चिखल अडकलेला. काही जोड्या भट्टीत फुटल्या, काही त्यांनीच मोडून पुन्हा भिजत घातल्या. मी इकडे यायला निघाले तेव्हा त्यातली एक जोडी त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून मला दिली.

ती मागच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना हात लावून बघा. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बाईंच्या अंगठ्याचा ठसा आहे.